डेम्लोला उतरा

मोखाड्याच्या बाजारातून निघालेली ही बैलगाडी तुमचीच. चढा. जव्हारहून आलेली चार माणसं आधीच बसली आहेत, त्यांना जरा सरकायला सांगा आणि नागलीच्या पोत्यावर बूड टेका. वैशाख तापलाय. दोन्हीकडच्या शेतांत राब जाळलेत, धूर घशात उतरतो, मांडीवरच्या टोपलीतल्या करवंदांचा चीक बोटांना लागतो. खोडाळा मागे पडून कसारा येईपर्यंत पाठीचे मणके एकेक करून मोजता येतील.

कसाऱ्याला जीआयपी रेल्वेचा तिसरा वर्ग. साल विचारू नका, गर्दी आजच्याइतकीच आहे. विड्यांचा धूर, पायाशी डालग्यातली कोंबडी, फळीच्या बाकावर घामानं चिकटलेला सदरा. खिडकी पकडलीत? मग डोळ्यात कोळशाची कणी जाणारच.

कल्याण गेलं. आता उतरा. हे डेम्लो. पुढं याला डोंबिवली म्हणतील आणि इथं पाय ठेवायला जागा नसेल. आत्ता मात्र भोवती उन्हानं भेगाळलेली भातखाचरं आहेत. याच स्टेशनात गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना काही आकडे सुचले. जन्म डहाणूचा, म्हणजे तुमच्याच पालघर जिल्ह्यातले, जिल्हा व्हायला अजून अवकाश असला तरी. ते दिसलेच तर हाक मारू नका, डोक्यात हिशेब चालू असेल.

तुम्ही खाली पडलेला कोळसा उचला. फरशीवर १११ लिहा, त्याला १११ नंच गुणा. तीन ओळी येतील, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज १२३२१. चढण, माथा, उतार. आता नऊ एक घ्या आणि गुणा. मागचा हमाल हसतोय, हसू दे. घाम पुसा, बेरीज करा:

१२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंक, आणि एकदाही हातचा नाही, कारण मधल्या उभ्या रांगेतसुद्धा नऊच एक आहेत. हे अंक मिळवले की ८१ येतात. ८१ नं भागा: बाकी शून्य, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. त्यातला आठ गायब! स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचंच.

या फरशीवरच्या आकड्यांना त्यांनी स्टेशनचं नाव दिलं, डेम्लो संख्या. पुढं देवळालीला १९६२ पर्यंत शाळामास्तरकी केली आणि आणखी एका जातीच्या संख्यांना देवळालीचं नाव दिलं. गावाचं ऋण फेडायची ही तऱ्हा मला तरी कोनशिलेपेक्षा बरी वाटते.

परतीच्या गाडीला वेळ आहे. फरशीही मोकळी आहे. दहा एक घेऊन बघा. मधल्या रांगेत हातचा येतो आणि माथा ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. इथंही आठ डावीकडूनच पळालाय. का, ते कसाऱ्यापर्यंत शोधा.