परवाना नाकारण्याची नागपुरी रीत

1923 च्या पावसाळ्यात मध्य प्रांताच्या सरकारला एक मोटार विकायची होती आणि नागपुरात तिला गिऱ्हाईक मिळत नव्हते. मोटार जमनालाल बजाजांची होती. झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व केल्याबद्दल त्यांना दीड वर्षाची कैद आणि तीन हजार रुपये दंड झाला होता. त्यांनी दंड भरला नाही, म्हणून त्याच्या वसुलीसाठी गाडी जप्त झाली. लिलाव पुकारला गेला, पण कोणी बोली लावली नाही. शेवटी ती विक्रीसाठी काठेवाडात पाठवावी लागली. सत्याग्रहाच्या इतिहासात हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकला जातो. मला तो मोठा वाटतो, कारण सरकारच्या परवानगीला नकार देणे म्हणजे नेमके काय, याचा एक संपूर्ण नमुना त्यात दिसतो. बजाजांनी न्यायालय आपल्यावर चालत नाही असा दावा केला नाही, गाडी लपवली नाही, तुरुंग चुकवला नाही. त्यांनी एक आदेश मोडला, तो उघडपणे मोडला आणि त्याची किंमत सोसली.

आज याच्या अगदी उलट्या टोकाची एक समजूत जगभर फिरते आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात विल्यम पॉटर गेल आणि त्याच्या साथीदारांच्या ‘पॉसी कॉमिटॅटस’ या चळवळीतून ती वाढली. स्वतःला ‘सार्वभौम नागरिक’ म्हणवणाऱ्या या लोकांचे म्हणणे असे की, सरकार ही केवळ एक कंपनी आहे, तिच्याशी आपण करार केलेला नाही, म्हणून तिचे कायदे आपल्याला लागू नाहीत. गाडीची नोंदणी आणि लायसन्स हा त्यांचा सर्वांत आवडता विषय आहे. आपण धंद्यासाठी वाहन चालवत नाही, केवळ प्रवास करतो, आणि प्रवास हा जन्मसिद्ध हक्क असल्याने नंबर प्लेट लावायची गरज नाही, असे ते पोलिसांना सांगतात. आधाराला जुन्या निकालांतली वाक्ये असतात. 1930 च्या व्हर्जिनियातील ‘थॉम्पसन विरुद्ध स्मिथ’ या निकालातले रस्त्यावरच्या हक्काचे वाक्य ते हमखास उद्धृत करतात, पण वाहतुकीचे नियमन करण्याचा शहराचा अधिकार त्याच निकालाने मान्य केला आहे, हे गाळतात. कॅनडातील अल्बर्टाच्या न्यायालयाने 2012 साली ‘मीड्स विरुद्ध मीड्स’ या प्रकरणात अशा सगळ्या युक्तिवादांची सविस्तर चिरफाड केली. तरीही त्यांचा प्रसार थांबलेला नाही.

ही परदेशी खुळे आहेत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे म्हणून विषय सोडून देता येत नाही. दक्षिण गुजरातेत तापी जिल्ह्यातील कटासवाणच्या कुंवर केशरीसिंह यांच्या पंथात अशीच मांडणी आहे. इंग्रजांना मिळालेल्या भाडेपट्ट्याची मुदत 1969 साली संपली, देशाचे खरे मालक आदिवासी आहेत, आणि म्हणून सरकारी ओळखपत्रांची त्यांना गरज नाही, असे हा पंथ सांगतो. झारखंडच्या खुंटी भागातील 2017-18 च्या पत्थलगडी आंदोलनात काही गावांनी रेशनकार्ड व मतदार ओळखपत्रे नाकारली, तेव्हा हाच विचार तिथेही पोचलेला दिसला. अमेरिकेतल्या माणसाला कर चुकवायचा असतो, खुंटीतल्या माणसाला आपली जमीन जाण्याची भीती असते. दोघांच्या दुःखात जमीनअस्मानाचे अंतर आहे आणि दुसऱ्याचे दुःख खरे आहे. पण युक्तिवादाची घडण एकच आहे: कुठेतरी एक जुना कागद आहे, तो दाखवला की राज्य आपल्यापुरते संपते.

हा विश्वास वेडगळ म्हणून झटकण्याआधी नागपूर आणि वऱ्हाडाचा इतिहास आठवावा. इथे सार्वभौमत्व खरोखरच कागदांवरून हलत आले आहे. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी भोसले औरस पुत्राविना वारले आणि डलहौसीने पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले. त्यासाठी लढाई झाली नाही, दत्तकाचा प्रश्न एका टिपणाने निकालात निघाला. वऱ्हाडाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1853 च्या तहाने तो प्रदेश इंग्रजांच्या कारभारात आला, पण नावाला निजामाचाच राहिला. 1902 साली कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. म्हणजे अमरावती-अकोल्याचा शेतकरी सारा भरत होता एका सरकारला आणि कागदोपत्री प्रजा होता दुसऱ्या सत्ताधीशाची. ‘राज्य भाड्याने दिले होते’ हे वाक्य या मुलखात एके काळी शब्दशः खरे होते. ज्या लोकांच्या आजोबा-पणजोबांनी असे पट्टे पाहिले, त्यांच्यापैकी कोणाला आणखी एखादा पट्टा अजून शिल्लक असेल असे वाटले, तर त्यात मला मूर्खपणा दिसत नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. 26 जानेवारी 1950 रोजी राज्याचा आधारच बदलला. जुने कायदे चालू राहिले, पण ते इंग्रजांचे म्हणून नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद 372 ने त्यांना चालू ठेवले म्हणून. 1939 चा मोटार वाहन कायदा असाच स्वतंत्र भारतात आला आणि 1988 च्या कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत टिकला. ज्या पट्ट्याची मुदत संपल्याचे सांगितले जाते, त्यावर हे राज्य उभेच नाही.

आता झेंडा सत्याग्रहाकडे परत जाऊ, कारण तोही मुळात रस्त्याविषयीच होता. 13 एप्रिल 1923 ला काँग्रेसची मिरवणूक राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघाली, तेव्हा ती अडवण्यात आली. युरोपीय अधिकाऱ्यांची वस्ती असलेल्या त्या भागात झेंडा न्यायचा नाही, असा हुकूम निघाला. 1 मेपासून रोज स्वयंसेवकांची लहान लहान पथके झेंडा घेऊन त्या रस्त्याने निघत आणि अटक करून घेत. विनोबा भावे याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. 17 जूनला बजाजांना अटक झाली आणि जुलैत सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. बाहेरच्या प्रांतांतून माणसे येत राहिली, कैद्यांची संख्या दीड हजारावर गेली. 18 ऑगस्टला मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून पार पडली आणि नंतर कैदी सुटले. त्यानंतर जो वाद पेटला तो फार बोलका आहे. काँग्रेसने मिरवणुकीसाठी परवानगी मागितली होती, असे सरकारी बाजूने म्हटले गेले. आम्ही परवानगी मागितलीच नाही, असे काँग्रेसने ठणकावले. मिरवणूक निघून गेल्यावरही दोन्ही बाजूंना या एका मुद्द्यावर हटायचे नव्हते, कारण सगळा झगडा त्याचसाठी होता.

चार वर्षांनी याच शहराने आणखी पुढचे पाऊल टाकले. 1927 साली मंचेरशा आवारी या नागपूरच्या पारशी कार्यकर्त्याने, ज्याला लोक जनरल आवारी म्हणत, 1878 च्या शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. परवान्याशिवाय तलवारी घेऊन मिरवणुका काढायच्या, हा त्याचा मार्ग. बंगालमध्ये खटल्याविना डांबलेल्या कैद्यांच्या सुटकेची मागणी त्यामागे होती. परवाना नाकारण्याच्या आपल्या इतिहासातले हे कदाचित सर्वांत थेट उदाहरण असेल. गांधींनी ‘यंग इंडिया’त लिहून या सत्याग्रहाला आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केले, शस्त्र हाती धरून केलेला भंग अहिंसेत बसेल, हे त्यांना पटत नव्हते. या मतभेदात मी गांधींच्या बाजूचा आहे. पण आवारींच्या वागण्यातली एक गोष्ट त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. तलवार आपण बाळगलीच नाही, किंवा हा कायदा इतरांना लागू असेल पण मला नाही, असा बचाव त्यांच्या मार्गात कुठेच नव्हता. 1930 च्या जंगल सत्याग्रहातही तेच. 10 जुलैला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापले, ते आधी जाहीर करून.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सत्याग्रहींना आपण थोर म्हणतो ते ते जिंकले म्हणून. उद्या काळ बदलला तर आज नंबर प्लेट न लावणाराही थोर ठरेल, मग फरक करणारे आपण कोण? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण 1923 साली सरकारी दप्तरात बजाजही केवळ कायदा मोडणारेच होते. पण फरक निकालावर ठरत नाही, आधीच दिसतो. बजाजांनी मागितलेला हक्क सगळ्यांसाठी होता: सार्वजनिक रस्ता सार्वजनिक असावा. सार्वभौम नागरिक मागतो ती सूट स्वतःपुरती असते. बाकीच्यांनी कर भरलेल्या रस्त्यावर आपली गाडी बिनकराने चालावी. बजाजांनी न्यायाधीशासमोर उभे राहून शिक्षा घेतली, तर हा माणूस न्यायाधीशाला अधिकारच नाही म्हणतो आणि तरी त्याच न्यायालयात शेकडो पानांचे अर्ज दाखल करतो. खुद्द अमेरिकेतही प्रामाणिक आव्हानाचे उदाहरण आहे. हेन्ड्रिक नावाच्या मोटारचालकाने 1910 साली मेरिलँडमध्ये तिथल्या नोंदणीविना गाडी नेली, दंड झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. 1915 साली तो हरला. त्या निकालाने राज्यांचा नोंदणीचा अधिकार पक्का केला, आणि तो निकाल मिळवण्यासाठी कोणाला खोटे कागद रचावे लागले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. रस्ता सर्वांचा असेल, तर त्यावर चालायला नोंदणी आणि शुल्क कशाला? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या सगीर अहमद प्रकरणात सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला आहेच. खरे आहे. पण राज्याने सार्वजनिक हितासाठी त्याचे नियमन करावे हेही तिथेच गृहीत आहे, आणि अनुच्छेद 19 ने संचारस्वातंत्र्य देतानाच वाजवी निर्बंधांना जागा ठेवली आहे. या कलमांपेक्षा मला जास्त पटणारे उत्तर अपघातात सापडते. 1939 च्या कायद्यात त्रयस्थाच्या विम्याची सक्ती होती आणि ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली. त्या दिवसापासून नंबर प्लेटचा अर्थ बदलला. वर्धा रोडवर किंवा कामठी रोडवर एखाद्याला गाडीने उडवले, तर त्या क्रमांकावरून मालक सापडतो, मालकावरून विमा कंपनी, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई, अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते. गाडी अनोळखी राहिली तर काय मिळते? 2022 पर्यंत मृत्यूला पंचवीस हजार रुपये मिळत, त्या वर्षापासून दोन लाख. तिशीतल्या कमावत्या माणसाच्या कुटुंबाला मिळू शकणाऱ्या रकमेचा तो लहानसा अंश आहे. एमएच 31, 40 किंवा 49 या अक्षर-आकड्यांची किंमत गाडीच्या मालकाला कळत नाही, त्या गाडीखाली सापडलेल्याच्या बायकोला कळते. प्लेट नाकारणारा माणूस सरकारला नव्हे, तिला नाकारत असतो. त्याची मोहीम दुबळ्याच्या विरुद्ध जाते, हे माझे सर्वांत गंभीर म्हणणे आहे.

याचा अर्थ आरटीओचे सगळे बरोबर असा होत नाही. नव्या प्लेटचे दर, दलालांचा सुळसुळाट, कागदासाठी मारायला लागणाऱ्या खेपा, याविरुद्ध भांडायला हवे आणि नागपूरकर भांडतातही. प्रश्न भांडण्याच्या रीतीचा आहे, आणि विदर्भाने आपल्याच काळात त्या रीतीत मोलाची भर घातली आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली. पहिले अर्धे वाक्य ऐकले नाही तर ही घोषणा पत्थलगडीसारखी वाटेल. गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, कायदे वाचले, एकमताने निर्णय घ्यायची सवय लावली. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर दावा केला आणि 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी वनखाते बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना देईना, कारण त्याच्या लेखी बांबू हे झाड होते, जरी नव्या कायद्याने त्याला गौण वनउपज ठरवले होते. गावापुढे दोन वाटा होत्या. परवाना मानत नाही म्हणून बांबू रातोरात हलवायचा, किंवा परवाना देण्याचा अधिकारच मागायचा. गावाने दुसरी वाट धरली. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून त्या जंगलातला बांबू ग्रामसभेच्या सहीने बाहेर जाऊ लागला, आणि विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला परवाना मागायला गावात यावे लागले.