घरच्या अभ्यासाची वेळ

लहान मुलांना रोज घरी नेमाने शिकवावे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्या नेमासाठी घरात मोकळे माणूस आणि मोकळा तास असावा लागतो. तो आणायचा कोठून, याचा विचार करणारे थोडे. आम्ही कामगार चळवळीतले. घड्याळाच्या काट्याशी आमचे जन्माचे भांडण. म्हणून सातारा-सांगलीच्या इतिहासात या एका तासाचा माग काढावा, असे आम्हांस वाटते.

घर ही शाळा होऊ शकते, याचा मोठा दाखला सातारा जिल्ह्याच्या लेकीचाच आहे. नायगावच्या सावित्रीबाई १८४० साली लग्न होऊन फुल्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा त्या शिक्षिका झाल्या. शिकवणारा घरात होता, म्हणून हे घडले. ज्या घरी शिकवणाराच नाही, किंवा असून दिवसभर बाहेर, तेथे काय?

त्याच शतकात आपल्या भागातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागली. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांकडून मात्र दिवसाचे नऊ तास काम घेण्याची मुभा ठेवली. नऊ तास राबलेल्या मुलाने रात्री कोणता धडा गिरवावा? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. तिला आपण विश्रांतीचा दिवस म्हणतो. आमच्या मते आईबापांनी मुलाजवळ बसण्याचा तो पहिला हक्काचा दिवस होय.

जे गरिबाचे घर देऊ शकत नव्हते, ते भाऊराव पाटलांनी वसतिगृहातून दिले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील शाहू बोर्डिंगात स्वयंपाक, पाणी, शेतकाम आणि अभ्यास हे सारे मुलांच्याच हातून नेमाने चाले, आणि सर्व जातींची मुले एकत्र जेवत. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. वेळापत्रक भिंतीवर लावणे सोपे असते. त्याचा भार मात्र कोणाला तरी सोसावा लागतो.

आता अगदी अलीकडचे उदाहरण. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाईल आला, आणि शाळा उघडल्या तरी तो सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले की, रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरचे मोबाईल व टीव्ही बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा. विशेष हे की, हा नियम मोठ्यांनाही लागू केला.

श्रोतेहो, आम्हांस यात नवल वाटते ते भोंग्याचे. ज्या आवाजाने आईबापांना घरातून बाहेर ओढले, तोच आवाज येथे त्यांना मुलाजवळ बसवतो! लहान मुलाचा नेम फार मोठा नको. एक ठरलेली जागा, एक ठरलेली वेळ, आणि जवळ बसलेले एक मोठे माणूस, एवढे पुरे. मोठ्याला अक्षर येत नसेल तरी हरकत नाही. मूल वाचेल, त्याने ऐकावे.

परंतु संध्याकाळी सात वाजता जो दुसऱ्या पाळीवर आहे, त्याच्या घरी कोण बसणार? हा प्रश्न एकट्या आईवर टाकून चालणार नाही. शेजाऱ्याने तो आपला मानावा, गावाने मानावा, आणि पाळ्यांचे तास ठरवताना मालकाने व संघटनेनेही मानावा. कामाचे तास मोजायला आम्ही शिकलो. आता मुलाच्या वाट्याचा तासही त्याच हिशेबात धरला पाहिजे.