मांडव आपला, भाषा कुणाची?

नोव्हेंबर 1921. हैदराबाद शहरात विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात संस्थानातील समाजसुधारकांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. विवेकवर्धिनी ही 1907 साली सुरू झालेली मराठी मंडळींची शाळा. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या वजनदार माणसांचा तिच्यामागे हात होता. म्हणजे जागा आपली, अध्यक्ष आपले, आणि श्रोत्यांतही मराठी माणसे पुष्कळ. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीतही झाली. मग आलंपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. त्याबरोबर सभागृहात टाळ्या, हेटाळणी आणि गोंगाट सुरू झाला. वकीलसाहेबांना बोलणे अशक्य झाले.

संस्थानात तेलुगू बोलणारे सर्वांत अधिक होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गोंगाटाचा अर्थ कळतो. राजभाषा उर्दू, प्रतिष्ठेची भाषा इंग्रजी, आणि सुधारणेच्या व्यासपीठावर मराठीचा वरचष्मा. बहुसंख्यांच्या भाषेला स्वत:च्याच राजधानीत उभे राहण्याची सोय नव्हती. परिषदेचा विषय समाजसुधारणा होता, हे आणखी विशेष!

दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र बसली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. (पुढच्या काळात याच नावाशी जुळणारा जो राजकीय पक्ष निघाला, त्याचा याच्याशी संबंध नाही.) माडपाटी हनुमंतराव त्या कामाचे प्राण होते. बूर्गुल रामकृष्णरावही त्यांच्या बरोबरीचे. हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले गृहस्थ, मराठीचा द्वेष करण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. पुढे 1952 साली ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. तेलंगणातील शाळकरी मुलांना आजही 1921 ची ही हकीकत इतिहासात वाचावी लागते. आपल्या घरांत मात्र ती क्वचितच सांगितली जाते. कर्व्यांचे नाव आपल्याला 1916 च्या महिला विद्यापीठामुळे माहीत असते. आपल्या शेजाऱ्याला ते त्या सभेमुळेही माहीत असते.

पुढच्या काही वर्षांत सभा भरविणे सगळ्यांनाच कठीण झाले. 1929 च्या सुमारास निजाम सरकारने ‘गश्ती निशाण 53’ काढली. गश्ती म्हणजे फतवा, परिपत्रक. सार्वजनिक सभेला आगाऊ परवानगी हवी, असा तिचा मतलब. ज्याला सभा घ्यावयाची त्याने आधी अर्ज करावा आणि हुकुमाची वाट पाहावी. अशा दिवसांत वाचनालये, शाळा, नाटके, कीर्तने यांना सभांचे काम करावे लागले. पोथी ऐकायला चार माणसे जमली की त्यांत गावचे बोलणे निघायचेच.

आंध्र जनसंघाने या बंदीतूनही वाट काढली. मार्च 1930 मध्ये जोगीपेठला पहिली आंध्र परिषद भरली, अध्यक्ष सुरवरम प्रतापरेड्डी. राजधानी सोडून जोगीपेठसारखे लहान गाव निवडणे मला फार शहाणपणाचे वाटते. पुढे देवरकोंडा, खम्मम, सिरसिल्ला अशी परिषद गावोगाव फिरली. जोगीपेठला पुरुषांच्या सभेबरोबर बायकांचीही स्वतंत्र परिषद झाली, नडिंपल्ली सुंदरम्मा तिच्या अध्यक्षा होत्या. आपली महाराष्ट्र परिषद त्यानंतर सात वर्षांनी, 1937 साली, परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिनेही राजधानीपेक्षा लहान गाव पसंत केले. आणि गंमत अशी की, कामकाज फक्त तेलुगूतच चालावे की दुसऱ्या भाषांनाही मुभा द्यावी, हा वाद आंध्र परिषदेतही निघालाच. ज्याच्या हाती मांडव येतो त्याला तो प्रश्न चुकत नाही.

आता आपल्या आदिलाबादकडे येऊ. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम मारले गेले, तेव्हा सरकारला गोंडांचे म्हणणे ऐकण्याची गरज भासू लागली. क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ निजाम सरकारच्या वतीने या भागात आले. त्यांनी गोंडांना कचेरीत बोलावले नाही. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत डोंगरातले गोंड आपोआप जमतात, तिथेच अधिकाऱ्यांनी जाऊन बसावे, अशी रीत त्यांनी घालून दिली. तोच नागोबा दरबार. मान मेश्राम कुळाचा, पूजा त्यांची, आणि कलेक्टर तिथे पाहुणा. जत्रेचा दरबार अजून भरतो. गोंडांच्या मुलांसाठी त्या काळी जी गोंडी वाचनपुस्तके निघाली, ती देवनागरी लिपीत होती, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असावे.

जमण्याची मुभा मात्र स्वातंत्र्यानंतरही प्रत्येक वेळी मिळाली नाही. 20 एप्रिल 1981 रोजी, सोमवारच्या बाजाराच्या दिवशी, इंद्रवेल्लीला गोंडांची सभा ठरली होती. ऐनवेळी ती नाकारली गेली, माणसे येतच राहिली, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. केसलापूर तिथून जवळच आहे.

1956 साली भाषावार प्रांत झाले. किनवट, राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. तामसी तेलंगणाच्या बाजूस राहिली. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे आपण. त्यामुळे तामसीच्या माणसाला 1921 चा तो प्रश्न रोजचाच. सप्ताहाची पत्रिका मराठीत निघते, कापसाच्या दराचे बोलणे मराठीत होते. पण ग्रामसभेची नोटीस तेलुगूत लागते, इतिवृत्तही तेलुगूतच लिहिले जाते. 2018 च्या पंचायतराज कायद्याप्रमाणे दर दोन महिन्यांनी ग्रामसभा घ्यावयाची असते. तिथे आता नाट्यगृहातला वरचष्मा आपल्याकडे नाही. उलट मराठी म्हातारा उठतो तेव्हा कार्यदर्शी त्याचे काय लिहून घेतो, याची चिंता आपल्याला असते.

अशा सभेत एखादी गोंड किंवा कोलाम बाई आपल्या भाषेत बोलू लागली, तर शेजारचा कुणी ते मराठीत सांगतो, आणि दुसरा कुणी मराठीचे तेलुगू करतो. वेळ लागतो. मागच्या रांगेत चुळबुळ होते. नळाचे पाणी कोणत्या गल्लीला येत नाही, एवढेच तिला सांगायचे असते, आणि दुसऱ्या भाषांतरानंतर ती बाई कार्यदर्शीकडे पाहत उभी असते, वहीत काही लिहिले गेले की नाही ते पाहत.