नोकरीच्या कागदाचा इतिहास

१८७५ सालच्या पावसाळ्यात दापोली तालुक्यातील मुरूड गावची काही मुले पायी साताऱ्यास निघाली. सरकारी नोकरी हवी तर मराठी सहावीची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागे आणि त्या परीक्षेसाठी त्यांना साताऱ्यास पोहोचायचे होते. सुमारे ११० मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट आणि वरून पाऊस. त्या मुलांत धोंडो केशव कर्वे नावाचा एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पुरी असावी लागत. त्याची ती झालेली होती. परंतु परीक्षा समितीच्या अध्यक्षांना तो तेवढा दिसेना! त्यांनी त्यास परीक्षेस बसू दिले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन कर्वे ती परीक्षा उत्तीर्ण झाले.

श्रोतेहो, ही गोष्ट आपण अण्णासाहेब कर्व्यांच्या चिकाटीची म्हणून ऐकतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. ज्याने आपल्याला कधी पाहिलेले नाही, अशा माणसाला आपली लायकी पटवून द्यायची कशी? आज माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकरीसाठी आपली मुले बायोडाटा घेऊन पुण्यामुंबईस जातात, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. म्हणून या कागदाचा इतिहास थोडा पाहू या.

गेल्या शतकाच्या आरंभी आपल्या जिल्ह्यातला माणूस बहुधा कागदावाचूनच नोकरीस लागे. मुंबईच्या गिरण्यांत माणसे भरण्याचे काम जॉबरकडे असे; बायकांच्या खात्यात ते नायकीण पाही. जॉबर आपल्या ओळखीतली, नात्यातली, गावची माणसे घेई. रत्नागिरीचा तरुण गाववाल्यांच्या खोलीवर पथारी टाकी आणि कुणाचा तरी शब्द पडला की गिरणीत शिरे. ‘तू कुठला, कुणाचा?’ एवढेच विचारले जाई. या पद्धतीने हजारो घरांत चूल पेटली, हे विसरता येणार नाही. पण जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, आणि ज्याची ओळख नाही त्याला दार बंद. अखेर १९३५ साली गिरणीमालकांनी बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा जॉबरच्या हातातली ही दोरी थोडी सैल झाली.

कचेरीचा रस्ता मात्र निराळा होता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, परीक्षा वाढल्या, आणि ‘कुणाचा’ या प्रश्नाशेजारी ‘काय पास झालास’ हा प्रश्न येऊन बसला. हे मोठे पाऊल होते. प्रमाणपत्र हे मिळविणाऱ्याचे स्वतःचे असते. ते मामाच्या ओळखीवर अवलंबून नसते. कोकणातल्या गरीब घरांनी शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतला, तो याच आशेने.

तरी प्रमाणपत्रालाही मर्यादा होत्या. १८९० साली लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास माणूस हवा झाला. तेव्हा गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपले कॉलेजातले सहाध्यायी कर्वे यांना बोलावून घेतले. कर्वे मुंबईस शाळांतून गणित शिकवीत होते. १८९१ साली ते पुण्यास आले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. यात ओळख होती, पदवीही होती. पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा माणूस गणित नीट शिकवितो हे माहीत होते. ज्याला साताऱ्यात एका नजरेवर परत पाठविले, त्याला पुण्याने त्याच्या कामावरून बोलाविले.

दुसरे उदाहरण कडू आहे, पण ते सांगितलेच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. १९१७ साली ते बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आणि लंडनमधील अभ्यास असा कागद त्या वेळी देशात किती जणांपाशी होता? पण त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी लोकांच्या उतारशाळेत ते राहिले, तर तेथूनही त्यांना बाहेर काढले गेले आणि नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. कागद कितीही भक्कम असला, तरी वाचणाऱ्याची दृष्टी शुद्ध नसेल तर तो फुकट जातो. म्हणून हा प्रश्न केवळ अर्जदाराचा नाही, समाजाचाही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुटून आलेल्या सैनिकांना कामे देण्यासाठी १९४५ साली सरकारने सेवायोजन कचेऱ्या काढल्या. १९४८ पासून त्या सर्वांना खुल्या झाल्या. १९५९ च्या कायद्याने ठराविक आस्थापनांना रिकाम्या जागा कळविणे बंधनकारक झाले. नोकरीची खबर ओळखीवाचून कळावी, हा त्यामागचा हेतू.

याच सुमारास एक नवा धंदा जन्मास येत होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, देशातच बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात झाली. संगणकाची वेगळी पदवी तेव्हा आपल्याकडे नव्हती. गणिताची, शास्त्राची, अभियांत्रिकीची माणसे काम करता करता शिकली. त्यामुळे या धंद्यात ‘काय पास झालास’ यापेक्षा ‘काय करून दाखविलेस’ या प्रश्नाला पहिल्यापासून वजन आले. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र खेड्यापाड्यांत पोहोचले. चांगलेच झाले, पण जे सर्वांपाशी आहे, त्यावरून एकाची निवड कशी करणार?

आमच्या कॉलेजातली मुले विचारतात, “सर, आम्ही अजून नोकरीच केली नाही, तर लिहायचं काय?” मग ‘मेहनती, प्रामाणिक, संगणकाचे ज्ञान आहे’ एवढे लिहून मोकळी होतात. अहो, असे तर प्रत्येकच जण लिहितो! समजा, एखाद्या मुलीने काकांच्या हापूसच्या बागेसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: किती पेट्या गेल्या, दलालाकडून पट्टी कितीची आली, बाकी किती राहिली. घरच्यांनी तो दोन हंगाम वापरला. हे तिने बायोडाट्यात तसेच्या तसे लिहावे. अडचण काय होती, आपण काय केले, कोणत्या भाषेत केले आणि उपयोग काय झाला, या चार गोष्टी दोन ओळींत बसतात. केलेले काम गिटहबसारख्या ठिकाणी ठेवून त्याचा पत्ताही द्यावा, म्हणजे वाचणाऱ्याला ते स्वतः पाहता येईल.

नव्या मुलास एक पान पुरे. वर नाव, फोन आणि ई-मेल. मग येणारी कौशल्ये, केलेली कामे आणि शेवटी शिक्षण. जात, धर्म, वडिलांचा हुद्दा यांना तेथे जागा नाही. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा संगणकच आधी अर्ज चाळतो. म्हणून जाहिरातीत जे कौशल्य मागितले आहे आणि आपल्याला खरोखर येते, ते त्याच शब्दांत लिहावे. जे येत नाही ते लिहू नये. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडते, आणि मग खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती आहे. बायोडाटा शेवटच्या वर्षी लिहिला जातो, पण त्यात लिहिण्याजोगे काम आधी व्हावे लागते. शाळेच्या वाचनालयाची यादी, ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीची नोंद, बचत गटाचा हिशेब अशी कामे गावात पडून आहेत. आठवी-नववीपासून मुलांच्या हाती अशी कामे द्या, आणि केलेल्या कामाची तारखेसह नोंद ठेवायला शिकवा. ज्या घरात कुणाची ओळख नाही, त्या घरच्या मुलापाशी दाखवायला एवढेच असते. आणि या धंद्यात ते पुष्कळ आहे.