बंदूक पार्सल करता येते का हो?

परवा कामानिमित्त बर्डीवर गेलो होतो. किल्ल्याच्या टेकडीखाली चहा घेत उभा होतो, तेवढ्यात गावाकडच्या ओळखीच्या एका पोराचा फोन आला. वडील मागच्या महिन्यात वारले. घरात त्यांची बारा बोअरची बंदूक आहे, रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली. परवाना वडिलांच्या नावावर. पोरगा पुण्यात नोकरीला.

"दादा, आई एकटीच राहते. तिला घरात बंदूक नको वाटते. पार्सलनं मागवून घेऊ का? ट्रान्सपोर्टवाला स्वस्तात नेतो म्हणते. चादरीत गुंडाळून दिली की झालं."

म्हटलं, "बाबू, हात लावू नको. संध्याकाळी बोलतो."

फोन ठेवला आणि वर किल्ल्याकडे पाहिलं. म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर द्यायला याच्याइतकी चांगली जागा नाही.

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला याच टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. अरब शिपाई जिवावर उदार होऊन लढले, पण टेकडी इंग्रजांकडेच राहिली. पुढच्याच महिन्यात आप्पासाहेबांपुढे अटी आल्या. त्यातली एक ठळक अट : तोफा आमच्या हवाली करा. चाळीस वर्षांनी, जून 1857 मध्ये, नागपुरात टाकळीच्या घोडदळाचा उठावाचा बेत फुटला. तेव्हाही तेच झालं. स्वारांची हत्यारं काढून घेतली.

हत्यार कोणाकडे, यावर राज्य कोणाचं ते ठरतं, हे इंग्रजांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून लॉर्ड लिटनने 1878 साली शस्त्र कायदा आणला. शस्त्र बाळगणं, विकणं, बाहेरून आणणं, एका जागेहून दुसरीकडे नेणं, सगळं सरकारच्या मुठीत. हिंदी माणसाला परवाना लागे, गोऱ्याला सूट. आणि गंमत बघा, त्याच वर्षी त्याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही कायदा आणला. बंदूक आणि बातमी, दोन्हींची भीती सारखीच! वर्तमानपत्रांचा कायदा पुढे रिपनने काढून टाकला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू राहिला.

मग ज्यांना शस्त्र हवंच होतं, त्यांनी काय केलं? 1909 साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात आली. टपालाने नाही. इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीत, चोरकप्प्यातून. पाठवणारे विनायक दामोदर सावरकर. त्यातल्याच पिस्तुलाने 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला मारलं. 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. अमीन माफीचा साक्षीदार झाला. सावरकरांना जॅक्सन प्रकरणात जन्मठेप झाली, ती या पिस्तुलांच्या पाठवणीपायी. गोळी झाडली तेव्हा ते हजारो मैल दूर होते. म्हणजे कायद्याने चाप ओढणाऱ्याइतकंच पाठवणाऱ्यालाही धरलं.

आता आपल्या नागपूरची गोष्ट, जी आपल्यालाच फारशी ठाऊक नाही. 1927 साली मंचरशा आवारी या पारशी गृहस्थाने इथे शस्त्र कायदा उघडपणे मोडला. बंगालमध्ये विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांना सोडा ही मागणी, आणि हातात तलवारी घेऊन मिरवणूक. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणू लागले. तुरुंगात गेले, तिथे लांब उपोषण केलं. शस्त्र हातात घेऊन सत्याग्रह ही कल्पना गांधीजींना पटली नाही. पण हत्यार लपवून न आणता भर रस्त्यात दाखवून कायद्याला आव्हान देणारा माणूस आपल्या गावचा होता, हे लक्षात असू द्या.

त्याच 1927 मध्ये अमेरिकेने उलट्या टोकाचा कायदा केला. खिशात लपेल असं पिस्तूल टपालाने पाठवायला सामान्य माणसाला बंदी. पण खासगी वाहतूक कंपन्या मोकळ्या आणि लांब बंदुका तर टपालानेही चालत. 1963 च्या मार्चमध्ये एका माणसाने खोट्या नावाने शिकागोच्या दुकानातून रायफल मागवली. दुर्बिणीसकट 19.95 डॉलर, टपालखर्च दीड डॉलर. डॅलसच्या पोस्टातल्या पेटीच्या पत्त्यावर ती पोचली. आठ महिन्यांनी तिनेच राष्ट्राध्यक्ष केनेडींचा जीव गेला. 1968 साली अमेरिकेने हा घरपोच धंदा कायद्याने बंद केला. स्वस्त होतं, सोयीचं होतं. घेणारा कोण, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क ठरावात घातला होता. डिसेंबर 1948 मध्ये आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले ह. वि. कामत यांनी तो संविधानात यावा म्हणून दुरुस्ती मांडली. ती मंजूर झाली नाही. पुढे 1959 चा शस्त्र कायदा आला. गोरा-काळा भेद गेला, पण परवाना राहिला. कलम 12 खाली शस्त्रांच्या वाहतुकीवर बंधन घालायचा अधिकारही सरकारकडे राहिला.

यात आपल्या लोकांची एक चूक होते. परवाना बंदुकीचा असतो असं वाटतं. परवाना माणसाचा असतो, भाऊ! माणूस गेला की ती बंदूक घरात ठेवायचा हक्कही गेला. कलम 21 सांगतं की अशी बंदूक उगाच वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. वारसाने मग आपल्या नावाचा परवाना मागायचा. तो मिळाला की बंदूक रीतसर त्याची.

संध्याकाळी पोराला हेच सांगितलं. तो जरा हिरमुसला. "दादा, बाबाची आठवण आहे ना ती."

म्हटलं, "आठवणच आहे, म्हणून तर सांगतो. चादरीत गुंडाळून ट्रकमध्ये टाकलीस आणि वाटेत पकडली, तर बंदूक जप्त आणि तू कोर्टाच्या चकरा मारशील. ट्रकवाल्याची पावती म्हणजे परवाना नाही. आणि ज्या आईला ती घरात नको वाटते, तिलाच पोलीस विचारतील, कोणाच्या हाती दिली?"

दोन दिवसांनी तो गावी आला. आधी ठाण्यात फोन करून विचारलं, मग मायलेक दोघं जाऊन बंदूक जमा करून आले. पावती काकूंनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. "आता झोप लागते," म्हणाल्या.

तुमच्याही घरात माळ्यावर, कपाटामागे आजोबाची, वडिलांची बंदूक पडली असेल तर परवान्यावर नाव कोणाचं आणि तारीख कुठवरची, ते आजच बघा. पाठवायला स्वस्त काय पडेल ते नंतर बघू. आधी कागद, मग बंदूक.