टेपातला अभंग आणि ओट्यावरची मंडळी

आमच्या देऊळघाटात संध्याकाळचा हरिपाठ झाला, आरती झाली, बुक्का लागला, तरी मंडळी लगेच घरी जात नसत. ओट्यावर टेकून बसत. टाळ पिशवीत गेलेले असत, मृदंगाला खोळ चढलेली असे, आणि मग खऱ्या गप्पांना सुरुवात होई. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, लेकीबाळींचे लग्न हे विषय दहा मिनिटांत संपत. मग कोणीतरी पैरणीच्या खिशातून एक कॅसेट काढी आणि म्हणे, "महाराज, हे आइका एकडाव." तिथून पुढे रात्रीचे अकरा.

वाचक माउली, हा काळ साधारण १९८० च्या नंतरचा. आज कोणाला सांगून पटणार नाही, पण आमच्या भजनी मंडळात कॅसेटींची एक वही होती. मंडळातला शिंपी ती ठेवी. कोणी कोणती कॅसेट नेली, कधी नेली, कधी परत आणली, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. हा शेरा त्याच्या मनचा. ऐकून झाल्यावर ज्याला जे वाटे ते तिथे लिहायचे. "आवाज मोठा, पण अक्षर कळत नाही." "काकड्याला बरी." "यात शेवटून दुसरे चरण गाळले आहे, गाथा पाहावी." ही वही पंधरा-सोळा वर्षे चालली. मी अनेक ग्रंथ वाचले, पण त्या वहीइतके प्रामाणिक परीक्षण क्वचित वाचले.

यात नवीन काही नव्हते, असे मला आता वाटते. वारकऱ्यांची वहीची परंपरा फार जुनी. तुकोबारायांचे अभंग संताजी जगनाड्यांनी वहीत उतरवले, त्या वह्यांवरून दुसऱ्या वह्या झाल्या. प्रत्येक फडाची, प्रत्येक घराण्याची वही वेगळी. वारीत मुक्कामाला दोन दिंड्या शेजारी उतरल्या की वह्या बदलायच्या आणि आपल्याकडे नसलेला अभंग उतरवून घ्यायचा, ही रीत मी स्वतः तरुणपणी पाहिली आहे. पुढे मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये देऊन शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडून गाथा तयार करवली. १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत ती छापली गेली, आणि अभंगाचे शब्द हळूहळू सर्वांचे सारखे होऊ लागले. पण एक गोष्ट छापली गेली नव्हती. ती म्हणजे चाल. चाल गळ्यातून गळ्यातच जात होती, आणि ती गावागणिक निराळी होती.

चाल पहिल्यांदा अडकली ती तबकडीत. १९०२ साली कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग नावाच्या इंग्रजी कंपनीच्या माणसाने गौहर जान यांचे गाणे भरून घेतले. त्या बाई गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या दूर जर्मनीत दाबल्या जात, तिथल्या कारागिरांना कागद चिकटवताना गायिका कोण हे कळावे म्हणून, असे सांगतात. मला हे वाचताना आपल्या संतांची नाममुद्रा आठवली. कारण वेगळे, पण शेवटी नाव सांगून थांबणे सारखेच!

त्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. आता विचार करा. आपल्या कीर्तनाला एक अभंग दोन तास पुरतो. भजनातसुद्धा धृपद टाळकऱ्यांनी उचलायचे, मागच्यांनी झेलायचे, चढवायचे, यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. तीन मिनिटांत काय होणार? धृपद, दोन चरण आणि शेवटचे चरण. मधली चरणे गळाली ती अशी. पुढे मोठ्या तबकड्या आल्या, कॅसेटी आल्या, एकेक बाजू अर्ध्या तासाची झाली, तरी चार चरणांत अभंग उरकण्याची सवय गेली नाही. शिंप्याचा शेरा त्याच दुखण्यावर बोट ठेवत होता.

आणखी एक गंमत झाली. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला. विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा उभे केले, मुंबईत तो वर्षभराहून अधिक चालला, व्हेनिसलाही नावाजला गेला. त्यात बीज आणि वृक्षाचे एक पद आहे, ते शांताराम आठवल्यांनी लिहिले. लोकांनी ते तुकोबांचेच मानले. भले भले गाथा उलटून ते शोधू लागले. तसेच इंद्रायणीकाठच्या आळंदीचे गाणे. ते १९५३ च्या 'गुळाचा गणपती' चित्रपटातले. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, गळा भीमसेन जोशींचा. माझ्या एका कीर्तनात पाठीमागच्या टाळकऱ्याने ते संतांचा अभंग म्हणून सुरू केले होते. मी थांबवले नाही. भाव खोटा नव्हता, आणि भर सभेत माणसाचा उपमर्द करू नये. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हळूच सांगितले.

आता ओट्यावर परत येऊ. मंडळींचे दोन तट होते. एक तट पंडित भीमसेन जोशींचा. गदगकडचा, कानडी मुलुखातला माणूस, आणि आपला पांडुरंगही कानडाच, त्यामुळे ते नाते कोणाला सांगावे लागत नसे. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चाली, आणि तो आवाज. सेल उतरले की टेप मंद फिरायचा आणि भीमसेनजी आणखी खर्जात जायचे. तरी मंडळी माना डोलावत. दुसरा तट प्रल्हाद शिंदे यांचा. त्यांना ना रागाची ओळख दाखवायची होती ना तान घ्यायची होती. जत्रेतल्या गर्दीवरून पलीकडे जाईल असा उघडा, खडा गळा, आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ. शेतमजुरीवरून येणारे आमचे टाळकरी म्हणत, "हा आपल्यातला माणूस गातो." वाद रंगे. एकजण म्हणे, भीमसेनजी ऐकताना डोळे मिटतात. दुसरा म्हणे, प्रल्हाददादा ऐकताना पाय उचलतात. मला विचारीत, तेव्हा मी दोघांनाही टाळ घ्यायला सांगे.

लताबाईंची 'अभंग तुकयाचे' कॅसेट बुलढाण्याहून आली तेव्हा मात्र तट राहिले नाहीत. खळे यांच्या चाली ऐकताना आमचा म्हातारा मृदंगी म्हणाला, "हे आपल्याले जमनार नाही, पन देवाले आवडन." हृदयनाथांनी बांधलेल्या ज्ञानोबांच्या विराण्या मी स्वतः तीनदा घरी नेल्या. विराणी कीर्तनात सांगताना मला शब्द कमी पडत. ऐकल्यावर कळले की बोलण्यापेक्षा थांबणे जास्त हवे.

बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ तर घरोघर गेला. तो आपल्याच परंपरेतला, चालही वारकऱ्यांची. त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी वाद घातला नाही. ज्या घरात हरिपाठ म्हणायला कोणी उरले नव्हते, त्या घरातही संध्याकाळी तो लागू लागला.

चोखोबा आणि सोयराबाई यांच्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण ते आमच्या जिल्ह्यातले. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानतात. किशोरी आमोणकरांनी सोयराबाईंचा रंगाचा अभंग गायला आहे. जयपूर घराण्याची, मोगूबाईंची ही लेक. तिच्या गळ्यातून सोयराबाई साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. आमच्या गावातल्या कितीतरी माणसांना सोयराबाई हे नाव त्या कॅसेटीनंतर कळले, हे मला कीर्तनकार म्हणून सांगायला लाज वाटते. आम्ही चोखोबा सांगत होतो, पण त्यांच्या घरधनिणीचा अभंग निरूपणाला किती वेळा घेतला?

अभिषेकीबुवांचा अबीर-गुलालाचा अभंग असाच लाडका. त्यावर चोखोबांचे नाव आहे. पण त्यात नाथांच्या घरचा उल्लेख येतो. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्यास कुसाखाली गेले, एकनाथ महाराज त्यानंतर दोनशे वर्षांनी. मी हे ओट्यावर काढले, तेव्हा बराच वेळ कोणी बोलेना. मग एक पोरगा म्हणाला, "महाराज, पायरीबाहेर उभा राहून बोलनारा माणूस त्यात आहे ना? मग तो चोखोबाच." मी त्याला उत्तर दिले नाही. अजूनही देता येत नाही.

हे सगळे सांगताना एक गोष्ट टाळत होतो, ती आता सांगतो.

आमच्या मंडळाचे विणेकरी, त्यांना सगळे आबा म्हणत. आळंदीला किंवा कोणत्या संस्थेत ते शिकले नव्हते. त्यांच्या आजापासून आलेल्या काकड्याच्या चाली त्यांच्याकडे होत्या. त्यात भूपाळीची एक चाल अशी, की पैनगंगेवरून धुके उठावे तशी ती हळूहळू वर यायची आणि तिसऱ्या ओळीला अचानक खाली बसायची. ती मी दुसरीकडे कुठेही ऐकली नाही. विणा हाती असला की त्यांच्या तोंडून ती आपोआप निघे. नुसते बसून म्हणायला सांगितले की अडखळत.

शिंप्याच्या मुलाने नवा टेप घेतला होता, त्यात आवाज भरता येत असे. तो माझ्याकडे आला. "महाराज, आबाची चाल भरून ठेवू का? कोरी कॅसेट आनली." मी नाही म्हणालो. काकड्याच्या वेळी देवापुढे यंत्र आणायचे नाही, असे मी बजावले. जरा चढ्या आवाजातच. खरे कारण मला ठाऊक होते. तरुण पोरे कॅसेटीतल्या चाली उचलू लागली होती, माझ्या कीर्तनात त्यांना टेपासारखे धृपद हवे असे, आणि मला त्या यंत्राचा राग होता. चाल गळ्यातूनच गेली पाहिजे, ज्याला हवी त्याने पहाटे उठून आबांच्या मागे उभे राहावे, असे मी त्याला सुनावले. बोलणे चुकीचे नव्हते. पण पहाटे उठून मागे उभा राहणारा कोणी नव्हता, आणि मीही सप्ताहांच्या निमित्ताने बाहेरगावी असे.

आबा त्यानंतर दोन कार्तिकी पाहून गेले. त्या कोऱ्या कॅसेटीवर पुढे कोणाच्या लग्नाची सनई भरली गेली.

आज मंडळात टेप नाही, वही नाही. प्रत्येकाच्या मोबाइलात हजार अभंग आहेत, आणि पोरे ओट्यावर बसून एकमेकांना पाठवतात, पाठवून झाले की लिहितात, "माउली, शेवटपर्यंत ऐका." शेऱ्याचा रकाना उरला तो तेवढाच. मला ऐकू कमी येते, तरी कानाला लावून ऐकतो. बहुतेक गाणी पहिल्या ओळीतच ओळखू येतात.

आबांची चाल मात्र मला दोन ओळी येते. तिसरी येत नाही. मी गावातल्या जुन्या माणसांकडे गेलो, मृदंग्याच्या घरी गेलो. तो आता राहिला नाही. शेवटी वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या माउलीने सांगितले की ती भूपाळी आपण ऐकली आहे, काकड्याला आबा म्हणत आणि ती घरी शेण-पाण्याचे काम करीत असे. तिने म्हणून दाखवली. पहिल्या दोन ओळी माझ्यासारख्याच. तिसरीला ती खाली बसली, पण आबा बसत तिथे नाही, एक सूर वर. मी तिला पुन्हा म्हणायला सांगितले. ती म्हणाली, "बाप्पा, असंच आइकलं मी." शिंप्याचा नातू सोबत होता. त्याने मोबाइल काढून माझ्याकडे पाहिले, आणि मी मान हलवून भर म्हणालो.