खुर्चीत कोण, खात्यात कोण

या मालेत संगणकाच्या इतिहासावर बोला असं सुचवलं गेलं तेव्हा आम्ही आधी नाही म्हणालो होतो. आमचा विषय तत्त्वज्ञान. संगणकाशी आमचा संबंध टंकण्यापुरता, आणि अडलं की मुलाला फोन करण्यापुरता. पण त्या फोनांतूनच आजचा विषय निघाला.

आमच्या घरी पहिला संगणक आला 2004 साली. त्यावर एकच खातं होतं आणि पासवर्ड नव्हता. आम्ही, सौ. आणि मुलगा, तिघंही त्यातच बसायचो. भांडणं व्हायची ती खुर्चीवरून; खात्यावरून नाही. पुढे मुलगा टोरांटोला गेला, संगणक बदलला, आणि एका रविवारी सकाळी मुलाने तिकडून, त्याच्या शनिवारच्या रात्री, आमच्या संगणकात शिरून एका खात्याची तीन खाती केली. त्याचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, आमचं आणि सौ.चं ‘स्टँडर्ड’. म्हणजे आम्ही लिहावं, वाचावं, पण नवा प्रोग्राम बसवायचा तर त्याचा पासवर्ड लागणार. आम्ही फोनवर म्हणालो, ‘‘अरे, पैसे आम्ही दिले, वीजबिल आम्ही भरतो, आणि आमच्याच घरात आम्ही भाडेकरू?’’ तो म्हणाला, ‘‘बाबा, तसं नसतं ते.’’ कसं असतं, हे शोधण्यात आमचे पुढचे बरेच महिने गेले. ते आज सांगतो.

सुरुवात करू 1961 पासून. त्याआधीचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. तुम्ही भोकं पाडलेली कार्डं खिडकीवर द्यायची आणि उत्तर घ्यायला दुसऱ्या दिवशी यायचं. तिथे खात्याची गरजच नव्हती. खिडकीवरचा माणूस तुम्हाला ओळखत होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही व्यवस्था चालवून दाखवली. एकाच यंत्राला टाइपरायटरसारखी अनेक टर्मिनलं जोडायची आणि यंत्राने क्षणभर याच्याकडे, क्षणभर त्याच्याकडे बघायचं. प्रत्येकाला वाटावं, यंत्र माझंच आहे. आता प्रश्न आला: ही फाइल कुणाची? हा वेळ कुणाच्या नावावर मांडायचा? म्हणून प्रत्येकाला नाव, ठरलेला वेळ आणि पासवर्ड.

इथे आपला मराठी शब्द फार अचूक आहे बघा. ‘खातं’. वाण्याच्या वहीत असतं तेच. संगणकातलं खातं जन्माला आलं ते ‘तू कोण’ असं विचारण्यासाठी नाही, तर ‘किती मिनिटं खर्च झाली’ हे मांडण्यासाठी. ओळख ही हिशेबाच्या पाठोपाठ आली.

आणि हिशेब आला की तो चुकवणाराही येतो. 1962 मध्ये अ‍ॅलन शेर या तिथल्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळत, आणि ते पुरत नव्हते. त्याने काय करावं? पासवर्डांची फाइल छापून द्या, अशी विनंती कार्डावर पंच करून रीतसर दिली. यंत्राने छापून दिली! मग उरलेले तास त्याने इतरांच्या खात्यांतून घेतले. ही कबुली त्याने अनेक वर्षांनी दिली.

त्याच सीटीएसएसवरचा दुसरा प्रसंग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. एके दिवशी जो कुणी लॉग इन करी त्याच्यापुढे रोजच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी टाइप होऊन येऊ लागली. कारण काय? व्यवस्था सांभाळणारी मंडळी एकच खातं वापरत होती. मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलला एकच ठरलेलं नाव देई. एका खात्यात एका वेळी एकच माणूस बसेल, असं त्यात गृहीत होतं. त्या दिवशी दोघे बसले. एक सूचना दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डांची फाइल, आणि दोन्हींची अदलाबदल झाली. एका खात्यात दोन माणसं. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता दुरून येण्याची गोष्ट. 29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी शेकडो मैलांवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाशी जोडून घेत होता. आज ज्याला इंटरनेट म्हणतो त्याच्या पूर्वजाचा, अर्पानेटचा, तो पहिला संदेश. लोकांना वाटतं, पहिला संदेश म्हणजे काहीतरी उदात्त असणार. तो होता ‘लॉगिन’. एल गेला, ओ गेला, आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. तासाभराने पुन्हा जमलं. म्हणजे जाळ्यातून मनुष्याने पहिलं काम काय केलं, तर दुसऱ्याच्या दारावर जाऊन ‘मी आलोय, आत घ्या’ म्हटलं.

पुढचा टप्पा बेल लॅब्जमधला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर 1971 ची. तीत ‘एसयू’ नावाची आज्ञा आहे. दोन अक्षरं टाइप करा, पासवर्ड द्या, आणि त्याच खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही सर्वाधिकारी होता. काम झालं की परत पूर्वीचे. रिचींनी आणखी एक युक्ती काढली, तिचं पेटंट 1979 मध्ये मिळालं: माणसाला अधिकार न देता प्रोग्रामला मालकाचा अधिकार द्यायचा. बँकेत आपण चेक देतो, तिजोरीत हात कॅशियर घालतो, तसंच. मात्र दुरून येताना पासवर्ड तारेवरून उघडा जात असे, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा 1995 मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. ते पोस्टकार्डाला पाकीट झालं.

हे सगळं विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत. घरात काय होतं? घरात विंडोज 95 होतं, आणि ते नाव-पासवर्ड विचारायचं. आपण ‘कॅन्सल’ दाबायचं, की ते आत घ्यायचं! आम्ही याला हसायचो. आता वाटतं, त्यात शहाणपण होतं. घराला दार आहे, दाराला कडी आहे, खुर्चीपर्यंत जो पोचला तो घरचाच. खरी खाती, म्हणजे एकाने दुसऱ्याची फाइल उघडू नये अशी, मायक्रोसॉफ्टकडे 1993 च्या विंडोज एनटीपासून होती, पण ती कचेऱ्यांसाठी. घराघरात ती आली ऑक्टोबर 2001 च्या विंडोज एक्सपीतून. स्वागताचा निळा पडदा, प्रत्येकाच्या नावापुढे चित्र: कुणाला पिवळं बदक, कुणाला गिटार.

एक्सपीने दोन गोष्टी दिल्या. एक, आपलं काम उघडंच ठेवून दुसऱ्याला त्याच्या खात्यात बसू देणं. इथे आम्हाला शंकराचार्यांची कथा आठवते. शंकरदिग्विजयात आहे: उभयभारतीशी वाद अडला तेव्हा आचार्यांनी आपला देह गुहेत ठेवला, शिष्यांना राखणीला बसवलं आणि मृत अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला. मंत्र्यांना संशय आला. त्यांनी आज्ञा काढली, जिथे निष्प्राण देह सापडेल तो जाळा, म्हणजे हा गुणी राजा परत जाणार नाही. ‘स्विच युजर’ म्हणजे देह गुहेत राखून ठेवणं. ‘लॉग ऑफ’ म्हणजे तो जाळणं. न साठवलेला मजकूर गेलाच समजा. आम्ही एक आख्खं प्रकरण असं जाळलं आहे.

दुसरी गोष्ट, रिमोट डेस्कटॉप. ती एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत होती. होम आवृत्तीच्या संगणकात असं दुरून येता येत नसे. गंमत अशी की दोन्हींखाली यंत्रणा एकच. एका सर्व्हरवर अनेकांनी दुरून बसावं म्हणून जी केली, तिच्याच जोरावर घरातल्या घरात खातं बदलण्याची सोय उभी राहिली. पण घरच्या संगणकावर एका वेळी एकच खातं जागं राहील, असं बंधन. मुलगा दुरून त्याच्या खात्यात आला की आमच्या पडद्यावर कुलूप. आणि एक नियम पाहून तर आम्ही थबकलोच: ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यात दुरून येता येत नाही, प्रत्यक्ष यंत्रासमोर बसूनच उघडावं लागतं.

याचा अर्थ बघा. जॉन लॉकने (कुलपाशी काही संबंध नाही) 1694 च्या आवृत्तीत एक उदाहरण घेतलं: राजपुत्राच्या स्मृतींसह त्याचा आत्मा चांभाराच्या देहात शिरला, तर ती व्यक्ती कोण? लॉक म्हणतो, राजपुत्र. लोकांना मात्र चांभारच दिसणार. पासवर्ड मागणारं यंत्र लॉकच्या पक्षाचं: ज्याला आठवतं, तोच तो. पण पासवर्ड नसलेल्या खात्यापुरतं यंत्र देहाला मानतं. खुर्चीत बसलास ना, मग ये.

आता दुरून येण्याचा दुसरा मार्ग. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेतून 1990 च्या दशकाच्या अखेरीस व्हीएनसी आलं. त्यात खातं बदलतच नाही. समोरच्या पडद्याचं चित्र दूर जातं आणि दुरून माऊस हलतो. खुर्चीतला माणूस तिथेच, त्याचंच खातं, पण हात दोन जणांचे. सीटीएसएसवरचा तो दिवस आठवा.

मुलगा सुरुवातीला याच पद्धतीने यायचा. तेव्हा एक मजा होई. 2007 च्या विंडोज व्हिस्टापासून मोठा बदल करताना पडदा मंदावतो आणि ‘परवानगी आहे का?’ असा प्रश्न येतो. तो पडदा मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. मुलाला तिकडे नुसता काळोख. तो विचारायचा, ‘‘बाबा, आता तुम्हाला काय दिसतंय?’’ त्या क्षणी होय म्हणायला खुर्चीतला माणूसच लागायचा. आमचा मान तेवढाच राहिला होता. मुलाने खाती बदलली आणि तोही गेला.

फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा पडदा दाखवणाऱ्या अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचं निवृत्तीचं बरंच धन अशाच फोनावर गेलं. बँकेने विचारलं, ‘‘व्यवहार तुमच्या खात्यातून, तुमच्या यंत्रावरून, तुमच्या पासवर्डने झाला, मग तो तुम्ही केला नाही, असं कसं?’’ बँकेची नोंद खोटी नव्हती, आणि तेही खोटं बोलत नव्हते. चाळीस वर्षं ज्यांनी तर्कशास्त्र शिकवलं, त्यांना या प्रश्नाचं उत्तर देता येईना. ते आमच्यासमोर रडले.

काही महिन्यांनी तसाच फोन आम्हाला आला. संगणकात विषाणू आहे, आम्ही काढून देतो. गृहस्थ फार अदबीने बोलत होते, ‘सर’ म्हणत होते, आणि आम्हाला कुणी सर म्हटलं की आम्ही विरघळतो. त्यांनी सांगितलेला प्रोग्राम उतरवला, उघडला, आणि पडदा मंदावला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. तो आम्हाला ठाऊकच नव्हता. ‘‘मुलाला विचारून सांगतो,’’ म्हणालो, तर फोन बंद. असे काही प्रोग्राम परवानगी न मागताही चालतात, हे नंतर कळलं. म्हणजे अर्धं श्रेय नशिबाचं.

मुलाला सांगितलं. तो काही बोलला नाही. आम्हीच म्हणालो, ‘‘भाडेकरूच बरे आहोत.’’ पण त्याला काही झालं, किंवा त्याचा फोन लागला नाही, तर? दोघांनी बराच खल केला. शेवटी त्याने पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून पोस्टाने पाठवलं. ते गोदरेजच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली सौ.कडे असते, आणि आम्ही मागितली की कशाला, असं त्या आधी विचारतात.